जुन्या स्पोर्ट्सकारचे गुडघे : पुढचं सस्पेन्शन ‘बांधायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं?

२० मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. गाडीच्या मूळ रचनेत मोठे फेरफार केलेले नसावेत, एवढीच अट. तिथे या तपासणीला एमओटी म्हणतात. एमजी कंपनीची एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार घ्या. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून शेवटची एमजीबी १९८० साली बाहेर पडली, त्यामुळे आज तिथे धावणारी प्रत्येक एमजीबी या सवलतीच्या वयात बसते. अनेक मालकांना तपासणीची कटकट गेल्याचा आनंद झाला. पण तो तपासनीस वर्षातून एकदा एक फार मोलाचं काम करायचा. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून तो ते गदागदा हलवून बघायचा. गाडी रस्त्यावर चालण्यालायक ठेवण्याची कायद्याची जबाबदारी मालकावर आजही आहेच, फक्त चाक हलवून बघणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

अशा गाड्यांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास असतं : ‘पुढचं सस्पेन्शन संपूर्ण नव्याने बांधलेलं आहे.’ ते वाचून सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर नव्या चकचकीत स्प्रिंगा येतात. प्रत्यक्ष यादी पाहिली तर तिच्यात निघतात रबराच्या नळकांड्या, पितळी रंगाच्या बोटभर नळ्या, कागदाइतक्या पातळ कड्या आणि चार-दोन बोल्ट. एवढ्याशा वस्तूंसाठी गाडीचा पुढचा भाग सुटा करून आठवडाभर का ठेवावा लागतो, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला एमजीबी हे उदाहरण बरं पडतं. १९६२ ते १९८० या काळात या गाड्या पाच लाखांहून अधिक बनल्या आणि त्यांची रचना उघडीवाघडी आहे, काही लपवलेलं नाही.

तीन कामं, पण नाव एकच

सस्पेन्शन म्हटलं की आपण धक्के शोषणारी वस्तू समजतो. खरं तर तिथे तीन वेगळी कामं चालतात.

पहिलं काम स्प्रिंगचं. ती गाडीचं वजन पेलते आणि खड्डा आला की दबते. दुसरं काम डॅम्परचं, म्हणजे ज्याला आपण शॉकॅब्सॉर्बर म्हणतो त्याचं. नाव काहीही असो, धक्का घेते ती स्प्रिंगच. डॅम्पर तिचं त्यानंतरचं डोलणं थांबवतो. झोपाळ्याला एकदा झोका दिला की तो आपला हलत राहतो, आणि आपण पाय जमिनीला घासत त्याला आवरतो. ते घासणारे पाय म्हणजे डॅम्पर.

तिसरं काम कोणाच्या लक्षात येत नाही आणि या लेखाचा विषय तेच आहे. चाकाने वर-खाली व्हावं आणि डावी-उजवीकडे वळावं, पण या दोन हालचालींखेरीज तिसरी कुठलीही करू नये, ही जबाबदारी सांध्यांची असते. शाळेच्या पुस्तकात शरीरातले सांधे शिकवतात : बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा. गुडघा पुढे-मागे वाकतो. तो बाजूला वाकू लागला की माणूस चालू शकत नाही. गाडीचंही तेच. सस्पेन्शन बांधणं म्हणजे मुख्यतः हे सांधे पुन्हा असे घट्ट आणि तरीही मोकळे करणं. ‘घट्ट आणि तरीही मोकळे’ या चार शब्दांतच सगळं कौशल्य आहे.

एमजीबीच्या पुढच्या चाकामागे काय दडलंय

ही रचना एमजीबीसाठी मुद्दाम केलेली नाही. पुढे मिनी या गाडीमुळे जगप्रसिद्ध झालेले ॲलेक इसिगोनिस आणि त्यांचे सहकारी जॅक डॅनियल्स यांनी ती दुसऱ्या महायुद्धाआधीच आखली होती. युद्धामुळे ती अडकली आणि १९४७ साली एमजीच्या वाय-टाइप या चारदारी गाडीतून रस्त्यावर आली. मग टीडी, टीएफ, १९५५ची एमजीए असा वारसा फिरत थोड्याफार बदलांनी एमजीबीत पोहोचला. म्हणजे १९८०च्या गाडीत १९३०च्या दशकातली कल्पना काम करत होती.

चाकापासून आत येऊ या. चाक ज्या आडव्या दांड्यावर फिरतं तो स्टब ॲक्सल. हा दांडा एका उभ्या, जाड पोलादी खुंटाभोवती डावी-उजवीकडे वळतो. तो खुंट म्हणजे किंगपिन. जुन्या लाकडी दारांना बिजागऱ्या नसत. दाराच्या कडेचा खुंट चौकटीच्या वरच्या-खालच्या खाचेत बसवलेला असे आणि दार त्यावर फिरे. किंगपिनची गंमत तीच, फक्त इथे खुंट स्थिर असतो आणि त्याच्याभोवती चाक फिरतं. खुंट आणि ॲक्सल यांच्यामध्ये वर एक आणि खाली एक अशा दोन धातूच्या नळ्या असतात. त्यांना बुश म्हणतात. झिजायचं ते बुशने झिजावं, महागड्या भागाने नाही, असा हिशेब.

किंगपिनच्या खालच्या टोकाला एक आडवं भोक आहे. त्यातून बोल्ट जातो आणि किंगपिन खालच्या विशबोनला जोडला जातो. विशबोन म्हणजे दोन पायांचा, मोठ्या चिमट्यासारखा बाहू. त्याची आतली टोकं गाडीखालच्या आडव्या तुळईला रबरी बुशांवर टांगलेली असतात. चिमट्याच्या दोन पायांमध्ये एक थाळी, आणि त्या थाळीवर स्प्रिंग.

आता वरची बाजू. इथे इसिगोनिस यांनी काटकसर केली आहे. एमजीबीचा डॅम्पर नळीसारखा नसून तेलाने भरलेला ओतीव धातूचा डबा आहे आणि त्यातून दोन बाहू बाहेर येतात. चाक वर-खाली झालं की बाहू हलतात, आतले दट्ट्ये तेल बारीक झडपेतून ढकलतात आणि डोलणं थांबतं. हेच बाहू वरच्या विशबोनचंही काम करतात. म्हणजे एकाच वस्तूवर दोन नोकऱ्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्यात आधी खालचा सांधा का जातो?

वजनाचा रस्ता शोधला की उत्तर मिळतं. जमीन चाकाला वर ढकलते, चाक स्टब ॲक्सलला, तो किंगपिनला, किंगपिन खालच्या बोल्टला, बोल्ट विशबोनला आणि विशबोन स्प्रिंगला. वरच्या बाहूंवर गाडीचं वजन जवळजवळ येतच नाही. ते फक्त किंगपिनला कलू न देण्याचं काम करतात. त्यामुळे खालचा बोल्ट चोवीस तास ओझ्याखाली असतो, गाडी उभी असली तरी. शिवाय तो रस्त्याला सर्वांत जवळ. पाणी, धूळ, हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ, सगळं आधी त्याच्याच अंगावर.

त्याचा बचाव एकच, तो म्हणजे ग्रीस. एमजीबीच्या पुढच्या सस्पेन्शनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायच्या छोट्या तोट्या, आहेत : दोन किंगपिनच्या बुशांसाठी, एक या खालच्या सांध्यासाठी. दर ३,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरला, तिथे ग्रीस भरायचं असा कारखान्याचा नियम होता. १९६० च्या दशकात गाडी दर काही महिन्यांनी सर्व्हिसिंगला जात असे, तेव्हा हे आपोआप व्हायचं. आजच्या गाड्यांचे सांधे कायमचे बंद केलेले असतात आणि ग्रीस गन हा प्रकार नव्या पिढीतल्या कित्येक मेकॅनिकांनी हातात धरलेलाही नसतो. निपल असतात, पण ते रंगाखाली किंवा चिखलाखाली गाडले गेलेले.

ग्रीस नसलं की ठरलेला क्रम घडतो. बोल्टवर एक पोलादी नळी चढवलेली असते आणि किंगपिनच्या खालच्या भोकातला बुश त्या नळीवर फिरतो. बुश कोरडा पडला की नळीला धरतो. मग नळी बोल्टला घेऊन फिरू लागते आणि बोल्ट विशबोनच्या भोकात घासतो. भोकं लांबट होतात. जिथे एक स्वस्तातला बुश झिजायचा, तिथे अख्खा विशबोन बाद होतो. कित्येकदा हा बोल्ट नळीत इतका गंजून बसलेला असतो की हातोड्याला दाद देत नाही, करवतीने कापूनच काढावा लागतो.

‘पण गाडी वर्षाला जेमतेम हजार मैल चालते, झिजेल कशी?’

ही सर्वांत जास्त ऐकू येणारी शंका, आणि सर्वांत महाग पडणारी. हे सांधे धावण्याने कमी आणि कोरडेपणाने जास्त मरतात. रोज चालणाऱ्या आणि वेळेवर ग्रीस मिळणाऱ्या गाडीचा किंगपिन वर्षानुवर्षं टिकतो. गॅरेजात झाकून ठेवलेल्या गाडीतलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट होतं, वाट बुजते आणि आत शिरलेला ओलावा निवांतपणे गंज चढवत बसतो. मैलांचा हिशेब इथे फसवतो. कमी चालणाऱ्या गाडीला वर्षातून एकदा तरी ग्रीस भरावंच लागतं.

जाता जाता एक अपवाद, कारण इथे पुष्कळ जण चुकतात. ट्रायम्फ स्पिटफायर आणि त्याच कुळातल्या गाड्यांत, तसंच तोच भाग उसना घेणाऱ्या लोटस इलानमध्ये, खालचा सांधा आट्यांचा असतो. उभ्या पोलादी दांड्याचे आटे पितळी रंगाच्या ठोकळ्यात फिरतात. या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. तिथे ग्रीस नाही, गिअरचं जाड तेल घालायचं, असं कारखान्याचं सांगणं होतं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही आणि कोरड्या राहिलेल्या भागात गंज धरतो. मग एखाद दिवशी दांडा त्या गंजलेल्या जागी तुटतो आणि चाक गाडीखाली दुमडतं. तेव्हा ‘माझ्या एमजीला चालतं ते हिलाही चालेल’ हा न्याय लावू नये.

सांधा गेला आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

गाडीचा पुढचा भाग उचलून भक्कम स्टँडवर ठेवायचा, नुसत्या जॅकवर कधीही नाही. चाक हवेत आलं की घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवायचं. खडखड जाणवली तर तिथे मोकळीक वाढली आहे. मेकॅनिक याला ‘प्ले’ म्हणतात.

पण प्ले कुठला? चाकाच्या बेअरिंगचा की किंगपिनचा? यासाठी एक झकास युक्ती आहे. दुसऱ्या माणसाला गाडीत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. ब्रेकने चाक आणि स्टब ॲक्सल एकमेकांना बांधले गेले, त्यामुळे मधलं बेअरिंग हिशेबातून बाद झालं. खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा. चालूच राहिली तर किंगपिन, खालचा बोल्ट किंवा वरचा सांधा. आता मदतनीसाने हलवावं आणि तुम्ही आत वाकून बघावं. कुठल्या दोन भागांमध्ये फट उघडझाप करते ते डोळ्यांना दिसतं. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं की स्टिअरिंगच्या सांध्यांची परीक्षा होते.

रस्त्यावर हीच झीज वेगळी भाषा बोलते. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं. ब्रेक मारताना पुढून ‘टक्’ असा आवाज येतो. सरळ रस्त्यावरही गाडीला सतत सांभाळून घ्यावं लागतं. टायर एकाच कडेला खातो. हे सगळं इतक्या हळूहळू वाढतं की मालकाला सवय होऊन जाते आणि ‘जुन्या गाड्या अशाच चालतात’ असं तो इतरांनाही सांगू लागतो. चालत नाहीत. नवी असताना एमजीबी तिच्या सरळ, नेमक्या स्टिअरिंगसाठी नावाजली गेली होती.

उघडताना : स्प्रिंगशी थट्टा नको

इथे थोडं गंभीर व्हायला हवं. स्प्रिंग चाकाच्या बरीच आत बसते, त्यामुळे तरफेच्या नियमाने तिच्यावरचं ओझं चाकावरच्या वजनापेक्षा खूप जास्त असतं. गाडी जमिनीवर उभी असताना ती चारशे किलोंहून अधिक जोराने दाबलेली असते. गाडी उचलून चाक लोंबू दिलं तरी ती पूर्ण सैल होत नाही. अशा वेळी चुकीचा बोल्ट काढला तर ती तोफगोळ्यासारखी बाहेर येते.

म्हणून क्रम असा : गाडी स्टँडवर, मग स्प्रिंगखालच्या थाळीला जॅकचा आधार. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने वर बांधायचा; तो स्वतःच्या रबरी नळीवर लोंबत राहिला तर नळी आतून फाटते आणि बाहेरून काही कळत नाही. स्टिअरिंगचा सांधा मोकळा करायचा. त्यानंतर किंगपिनला डॅम्परच्या बाहूंशी जोडणारा वरचा बोल्ट काढून जॅक तसूतसूने खाली घ्यायचा. स्प्रिंग शांतपणे लांबते आणि हाताने उचलून घेता येते. या वेळी तिच्या रेषेत तोंड, हात, पाय काही ठेवू नये. हे काम पहिल्यांदा करणाऱ्याने आधी केलेल्या कोणाला तरी शेजारी उभं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

किंगपिन : इथे नुसते पैसे टाकून भागत नाही

नवा किंगपिन आणला, नवे बुश ठोकले, झालं, असं होत नाही. बुश दाबून बसवताना किंचित आवळले जातात आणि त्यांचा आतला व्यास कमी होतो. तो पुन्हा अचूक मापाला आणण्यासाठी रीमर नावाचं हत्यार वापरतात. ही धारदार कडांची लांब दांडी फिरवली की केसाएवढा धातू खरवडून निघतो. वरचा आणि खालचा बुश एकाच रेषेत खरवडला पाहिजे. दोन्ही वेगवेगळे केले आणि रेषा जराशी चुकली, तर किंगपिन बुशला फक्त कडांवर टेकतो. हाताला घट्ट लागतो, म्हणून आपण खूश होतो. थोड्याच दिवसांत त्या कडा झिजतात आणि पुन्हा खडखड सुरू होते.

बुशमधलं ग्रीसचं भोक निपलच्या वाटेशी जुळलं पाहिजे, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. उलटा किंवा फिरलेला बुश बसला की मालक इमानदारीने ग्रीस भरत राहतो आणि ते आत पोहोचतच नाही.

जमलेल्या किंगपिनची खूण अशी : ॲक्सल त्यावर हाताने एकसारखा फिरतो, कुठे अडकत नाही, कुठे सैल पडत नाही. वर-खाली होणारी मोकळीक काढायला वेगवेगळ्या जाडीचे वॉशर मिळतात. ते घालून-काढून बघावे लागतात. रीमर नसेल तर सरळ तयार केलेला, बुशांसकट जुळवलेला ॲक्सल बदली घ्यावा. यात कमीपणा काही नाही. अर्धवट हत्यारांनी केलेल्या कामापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

पातळ कड्यांचं कोडं

सुटं काम संपलं की चाकाच्या बेअरिंगची पाळी. एमजीबीत दोन निमुळती बेअरिंगं असतात आणि त्यांच्यामध्ये एक नळी. नळीच्या टोकाला पातळ कड्या घालतात. या कड्या म्हणजे शिम. बऱ्याच गाड्यांत बेअरिंगचा नट घट्ट करून थोडा मागे फिरवतात. इथे तसं नाही. इथे नट ४० ते ७० पौंड-फूट इतक्या जोराने आवळायचा, आणि तरीही चाकाला ०.००२ ते ०.००४ इंच मोकळीक उरली पाहिजे, म्हणजे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर. साध्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा. ही मोकळीक नट सैल करून मिळवायची नाही, शिमची जाडी बदलून मिळवायची. चाळीस ते सत्तर एवढी मोठी मुभा दिली आहे ती नटाच्या खाचेतून स्प्लिट पिन, म्हणजे नटाला फिरू न देणारी खीळ, जावी म्हणून.

‘मग ती नळी आणि कड्या काढूनच टाकल्या तर?’ असं अनेकांनी केलेलं आहे, कारण काम सोपं होतं. पण ती नळी दोन बेअरिंगांमध्ये घट्ट चिमटली गेली की स्टब ॲक्सल, नळी आणि नट मिळून एक जाड दांडा तयार होतो. नळी काढली की बिचारा पातळ ॲक्सल प्रत्येक वळणाला एकटाच वाकतो. वाकून वाकून तार तुटते हे सगळ्यांना माहीत आहे.

रबर आवळण्याची वेळ

माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट ही, आणि ती चुकली तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही, म्हणून ती चुकत राहते.

विशबोनच्या आतल्या टोकांना रबरी बुश असतात. चांगल्या प्रतीच्या बुशात रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं. विशबोन हलतो तेव्हा काही घासत नाही. रबर पिळलं जातं आणि परत येतं. ओला टॉवेल दोन्ही हातांत धरून थोडासा पिळावा आणि सोडावा, तसं. म्हणूनच तिथे ग्रीस लागत नाही. एमजीबी जीटी व्ही-८ या १९७३ ते १९७६ मध्ये बनलेल्या गाडीत असे बुश होते आणि साध्या एमजीबीचे मालक आता सर्रास तेच बसवतात.

बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पकडली जाते. ज्या स्थितीत पकडली, ती रबराची ‘आरामाची’ स्थिती. आता गाडी स्टँडवर आहे, चाकं लोंबत आहेत, आणि आपण उत्साहात सगळे बोल्ट आवळून टाकले. गाडी खाली उतरवताच विशबोन वर गेला आणि रबर पिळलं गेलं. ते आता कायमचं पिळलेलंच राहणार, गाडी उभी असतानाही. वर खड्डा आला की आणखी पिळणार. मान एका बाजूला वळवून रात्रभर झोपल्यावर सकाळी जे होतं, ते त्या रबराचं काही महिन्यांत होतं. शिवाय पिळलेलं रबर स्प्रिंगला मदत करतं, त्यामुळे गाडी किंचित उंच राहते आणि मालक नव्या स्प्रिंगला दोष देतो.

उपाय फुकट आहे. हे बोल्ट आधी नुसते हाताला लागेपर्यंत फिरवायचे. गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा पुढे-मागे ढकलायची, पुढून दाबून डोलवायची, आणि मग आडवं होऊन शेवटचा आवळा द्यायचा. गैरसोयीचं आहे, कबूल.

‘रबराऐवजी पॉलियुरेथेन घातलं तर कायमची कटकट जाईल ना?’

पॉलियुरेथेन हे रबरापेक्षा कडक प्लास्टिकसदृश द्रव्य. त्याचे बुश तेलाने खराब होत नाहीत आणि वळणावर विशबोनला कमी हलू देतात. शर्यतीत धावणाऱ्याला ते हवेच असतात. पण ते पिळले जात नाहीत, नळीवर घसरतात. म्हणजे त्यांना खास ग्रीस लागतं, आणि ते वाळलं की ते करकरतात. रस्त्याची थरथरही ते रबराएवढी गिळत नाहीत. कटकट जात नाही, बदलते. सुट्टीच्या दिवशी आरामात फिरायला गाडी काढणाऱ्याने चांगल्या रबरावर समाधान मानावं.

‘मग जुनाट डॅम्पर फेकून आधुनिक नळीचे का घालू नयेत?’

आता ती दोन नोकऱ्यांची गोष्ट आठवा. एमजीबीचा डॅम्परच वरचा विशबोन आहे. तो फेकला तर चाकाला वरून धरणार कोण? त्यामुळे नळीचा डॅम्पर बसवणाऱ्या बऱ्याच संचांत जुना डबा तसाच राहतो. त्यातली झडप काढून त्याला फक्त बाहूंचा आधार म्हणून ठेवतात. मग त्या डब्यातला फिरता दांडा झिजलेला असेल, तर महागडा नवा डॅम्पर बसवूनही चाकाचा कल डळमळतच राहतो.

म्हणून आधी डब्याची तपासणी करावी. बाजूने तेल पाझरत असेल, किंवा बाहू धरून आत-बाहेर हलवल्यावर दांडा डुगडुगत असेल, तर तो जाणकाराकडून नव्याने भरून, बेअरिंग बदलून घ्यावा. चांगल्या अवस्थेतला मूळ डॅम्पर रस्त्यावरच्या वापराला पुरतो. त्याची बदनामी झाली आहे ती गळणाऱ्या डॅम्परांमुळे.

‘एकाच बाजूचा सांधा गेलाय, एकच बदलू का?’

किंगपिन एका बाजूचा बदलायला हरकत नाही, जर दुसरा खरोखर तपासून पाहिला असेल तर. दोघांनी सारखीच वर्षं काढलेली असतात, त्यामुळे तो सहसा मागोमाग येतोच. स्प्रिंग मात्र नेहमी जोडीने. एक नवी आणि एक थकलेली असली की गाडी एका अंगाला झुकून उभी राहते.

‘या निमित्ताने गाडी जरा खाली घेऊ का?’

या इच्छेमागे इतिहास आहे. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकी नियमांसाठी एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच झाली. त्याच वेळी उघड्या टपाच्या गाडीतून पुढची अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर झुकणं रोखणारी आडवी सळई, काढून टाकली गेली. गाडी वळणावर डुलू लागली. तक्रारी आल्या आणि १९७७ च्या मॉडेलला सळई परत आली. त्या काळातली गाडी खाली घेऊन मूळ उंचीला आणणं समजण्यासारखं आहे.

पण त्याहून खाली जाल तर विशबोनचा कोन बिघडतो, स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्याला रबरी ठोकळ्यावर आपटून धक्का थेट गाडीच्या अंगाला बसतो. आखूड स्प्रिंग घ्यायची तर पुरेशी कडकही हवी. आणि जुन्या स्प्रिंगचे वेढे कापून ती आखूड करणं हा प्रकार कोणी सुचवला तर विषय बदलावा.

‘सगळं नवं केलं, आता स्टिअरिंग जड का लागतंय?’

थोडं जड लागणारच. नवे बुश बसायला काही अंतर जावं लागतं. पण वळवलेलं स्टिअरिंग सोडल्यावर आपणहून सरळ येत नसेल, तर किंगपिन आवळला गेला आहे. एमजीबीचा किंगपिन मुद्दाम सात अंश मागे कललेला असतो. सामानाच्या ढकलगाडीचं छोटं चाक कसं आपोआप मागे वळून सरळ धावू लागतं, तशी या कलामुळे पुढची चाकं सरळ यायला बघतात. सांधा जास्त घट्ट असेल तर तो हा ओढा खाऊन टाकतो. असं झालं तर ‘चालवून चालवून सुटेल’ म्हणू नये. उघडून वॉशर तपासावेत.

शेवटी अलाइनमेंट. सांधे बदलले की चाकांची जुनी मापं रद्द. पुढची दोन चाकं पुढच्या बाजूला किंचित जवळ असावीत, १/१६ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण दीड ते अडीच मिलिमीटर. हे माप स्टिअरिंगच्या दांड्यांवर जुळवता येतं. चाकाचा उभा कल आणि किंगपिनचा मागचा कल मात्र या गाडीत जुळवण्याची सोयच नाही; ते बरोबर आले नाहीत तर याचा अर्थ काहीतरी वाकलेलं किंवा झिजलेलं आहे.

काहीशे मैल झाल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे, कारण नवे भाग एकमेकांत बसले की आवळा थोडा उतरतो. त्याच दिवशी पहिलं ग्रीसही भरून घ्यायचं. ते भरताना चाकं हवेत हवीत. गाडी जमिनीवर असताना खालच्या बोल्टच्या ज्या बाजूवर वजन आहे, नेमक्या त्याच बाजूला ग्रीसला शिरायला फट नसते. चाक उचललं की फट उघडते. निपल आधी फडक्याने पुसून घ्यायचा, नाहीतर वरची माती आत जाते. मग गन लावायची आणि सांध्याच्या कडेने आधी काळं, मग करडं आणि मग स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहायचं. तीन या बाजूला, तीन त्या.